स्वतःच्याच तबकडीला पारखा झालेला संशोधक

१९०३ साली जर्मनीतील हॅनोव्हर शहरातून निघालेल्या काळ्या, गोल तबकड्या समुद्रमार्गे कलकत्त्याला पोहोचल्या, तेव्हा त्यांच्यात भारतातल्या गायिकांचे आवाज होते आणि भारतातल्याच झाडांवर पिकलेली लाखही होती. आवाज इथला, लाख इथली, ऐकणारे कानही इथलेच. घडणावळ मात्र सातासमुद्रापलीकडची. कच्चा माल तिकडे जावा आणि पक्का माल इकडे यावा, हा त्या काळच्या व्यापाराचा सर्वसाधारण शिरस्ताच होता. पण कापूस जाऊन कापड यावे आणि गाणे जाऊन गाणेच परत यावे, यांत फरक आहे. ही उलाढाल ज्याच्या कल्पकतेमुळे शक्य झाली त्या एमिल बर्लिनरला त्या सुमारास आपल्या स्वतःच्या देशात, अमेरिकेत, ग्रामोफोन विकण्याची मुभा उरलेली नव्हती. एडिसनचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बर्लिनरच्या वाट्याला ती कीर्ती आली नाही, आणि त्यामागे न्यायालयीन कज्जे जितके आहेत तितकाच त्याचा स्वभावही आहे.

एमिल बर्लिनरचा जन्म २० मे १८५१ रोजी हॅनोव्हरमधील एका मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबात झाला. वडील व्यापारी आणि धर्मग्रंथांचे अभ्यासक, आईला संगीताची आवड. भावंडे तेरा. एवढ्या मोठ्या कुटुंबात थोरल्या मुलांनी लवकर हातभार लावावा, ही अपेक्षा ओघानेच आली. चौदाव्या वर्षी एमिलचे शालेय शिक्षण संपले. छापखान्यात उमेदवारी, मग कापडाच्या दुकानात कारकुनी, असे दिवस चालले होते. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यातील युद्धाचे ढग जमू लागले. सक्तीच्या लष्करभरतीची टांगती तलवार डोक्यावर असताना एका कौटुंबिक स्नेह्याने त्याला वॉशिंग्टनमधील आपल्या कापडाच्या दुकानात काम देऊ केले आणि एकोणीस वर्षांचा एमिल अमेरिकेला निघून गेला.

पुढची सहा-सात वर्षे हरकाम्याची होती. काही काळ तो न्यूयॉर्कला होता. दिवसा मिळेल ते काम आणि रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये विज्ञानाचा अभ्यास, असा त्याचा क्रम असे. पुढे सॅकरिनच्या शोधामुळे प्रसिद्धीस आलेल्या फालबर्ग या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे कामही त्याने केले. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. प्रयोगशाळा म्हणजे काय हे त्याने मोरीच्या बाजूने पाहिले, असे म्हणता येईल.

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन अवतरला. बोलणे ऐकू येत असे, पण क्षीण. पुन्हा वॉशिंग्टनला परतलेल्या बर्लिनरने आपल्या भाड्याच्या खोलीत खेळण्यातला ढोल, साबणाचे खोके अशा किरकोळ साहित्यातून एक प्रेषक तयार केला. दोन विद्युतवाहक एकमेकांना सैल टेकलेले असतील आणि ध्वनिलहरींमुळे त्यांच्यावरचा दाब कमी-जास्त होत असेल, तर प्रवाहही त्याच प्रमाणात कमी-जास्त होतो, हे त्यामागचे तत्त्व. १८७७ च्या एप्रिलमध्ये त्याने या कल्पनेची नोंद पेटंट कार्यालयात केली. बेल कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि त्याला नोकरीही दिली. या पेटंटवरून पुढे अनेक वर्षे वाद झाले, अमेरिकी सरकारनेच ते रद्द करण्यासाठी दावा लावला, आणि १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करण्यास नकार दिला. बर्लिनरला कोर्टाची पायरी चढण्याची सवय अशी लवकर लागली. १८८१ मध्ये त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, कोरा ॲडलरशी विवाह केला आणि त्याच वर्षी हॅनोव्हरला जाऊन भाऊ जोसेफ याच्यासमवेत टेलिफोनचा कारखाना उभा केला. हा कारखाना लक्षात ठेवायला हवा, कारण ग्रामोफोनच्या तबकड्यांचा जागतिक व्यापार पुढे त्याच्याच आवारातून सुरू झाला.

बेल कंपनीची नोकरी सोडून वॉशिंग्टनमध्ये स्वतंत्र संशोधन करू लागल्यावर बर्लिनरचे लक्ष ध्वनिमुद्रणाकडे वळले. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला होता. त्यात नळकांड्यावर सुई वर-खाली होत खाचा पाडत असे. बर्लिनरने दोन गोष्टी बदलल्या. सुई वर-खाली न हलवता डावी-उजवीकडे हलवली, आणि नळकांड्याऐवजी सपाट चकती घेतली. आरंभी काजळी धरलेल्या काचेवर उमटलेली नागमोडी रेघ तो छायाचित्रणाच्या तंत्राने धातूवर उतरवी. नंतर त्याने जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर दिला. सुई तो थर खरवडून काढी आणि उघड्या पडलेल्या रेघेवर क्रोमिक आम्ल आपले काम करी. छापखान्यातल्या उमेदवारीचा संस्कार इथे दिसतो. बर्लिनरच्या दृष्टीने ध्वनी हा छापण्याचा मजकूर होता. ८ नोव्हेंबर १८८७ रोजी त्याला ग्रामोफोनचे पेटंट मिळाले आणि १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने त्याचे प्रात्यक्षिक दाखवले.

सपाट चकतीचे खरे मर्म आवाजाच्या गुणवत्तेत नव्हते. त्या काळी नळकांडी कदाचित अधिक चांगली वाजत असतील. मर्म होते ते नकलांमध्ये. आरंभीच्या काळात नळकांड्याची नक्कल काढणे जिकिरीचे होते. गायकाला अनेक यंत्रांसमोर उभे राहून तेच गाणे दिवसभर पुनःपुन्हा म्हणावे लागे. चकतीचे तसे नव्हते. मूळ मुद्रणावर विद्युतविलेपनाने तांब्याचा थर चढवायचा आणि तो सोडवून घ्यायचा, की जिथे खोबण होती तिथे उंचवटा असलेला धातूचा ठसा हाती येतो. त्या ठशाने एखाद्या मऊ पदार्थावर दाब दिला की मूळ खोबण जशीच्या तशी उमटते. गायकाने एकदा गावे आणि ठशाने हजारदा उमटवावे. शिवाय तबकड्या एकावर एक रचता येतात. नळकांडी आतून पोकळ. त्यांच्या वाहतुकीत निम्मे भाडे हवेचेच. परदेशी माल पाठवणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न होता तो मऊ पदार्थाचा. बर्लिनरने प्रथम सेल्युलॉईड वापरून पाहिले. ते फार लवकर झिजे. १८८९ च्या सुमारास जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातल्या खेळणी बनवणाऱ्या एका कंपनीने त्याच्याकडून परवाना घेऊन हाताने फिरवायचे छोटे ग्रामोफोन आणि पाच इंची तबकड्या बाजारात आणल्या. तबकडीचा पहिला व्यापारी अवतार हा असा खेळण्याचा होता. अमेरिकेत १८९४ पासून सात इंची तबकड्या कठीण रबराच्या निघू लागल्या. पण त्यात कुठे फुगे राहत, कुठे सपाट डाग पडत आणि सुई घसरे. उत्तर मिळाले ते गुंड्या बनवणाऱ्या कारखान्यात. न्यू जर्सीतील नेवार्क येथे चपडी लाख वापरून गुंड्या आणि विद्युत उपकरणांचे भाग घडवले जात. १८९५ च्या सुमारास तबकड्या त्याच मिश्रणातून निघू लागल्या आणि पुढची पन्नासएक वर्षे जगातल्या बहुतेक साऱ्या तबकड्या लाखेच्याच राहिल्या.

लाख म्हणजे एका चिमुकल्या किड्याचा स्राव. पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या फांद्यांवर हे किडे वसती करतात आणि आपल्याभोवती कवच तयार करतात. छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातली लाख आदिवासी गोळा करीत, मिर्झापूरसारख्या ठिकाणी ती धुऊन, वितळवून, ताणून तिचे पातळ पापुद्रे केले जात आणि कलकत्ता बंदरातून ते जगभर जात. बांगड्या, पत्रांवरच्या मोहरा, लाकडाचे रोगण यांसाठी शतकानुशतके वापरात असलेला हा पदार्थ एकाएकी संगीताच्या व्यापाराचा कणा बनला. तबकडीत लाखेचा वाटा थोडाच असे. उरलेला भाग दगडाची बारीक पूड, कापसाचे तंतू आणि काळा रंग येण्यासाठी काजळी. पण या साऱ्यांना बांधून ठेवणारी तीच होती. तापवली की लोण्यासारखी मऊ, गार झाली की काचेसारखी कडक, असा तिचा धर्म. तबकडी हातातून पडली की तिचे तुकडे होत, ते या काचेच्या गुणामुळे.

या साऱ्या प्रगतीला एक उणीव होती. बर्लिनरचे यंत्र हाताने फिरवावे लागे आणि हात जसा चालेल तसा गायकाचा सूर चढे-उतरे. १८९६ मध्ये कॅमडन येथील एल्ड्रिज जॉन्सन या यंत्रकाराने त्याला किल्लीची स्प्रिंग मोटर बसवली आणि ग्रामोफोन खऱ्या अर्थाने घरात आला. विक्रीचे काम फ्रँक सीमन या न्यूयॉर्कच्या जाहिरात व्यावसायिकाकडे होते. सीमनने धंदा वाढवला यात शंका नाही. मात्र नफ्याच्या वाटणीवरून बेबनाव झाला, सीमनने झोनोफोन नावाचे स्पर्धक यंत्र बाजारात आणले आणि प्रतिस्पर्धी कंपनीशी हातमिळवणी केली. बर्लिनरने त्याला माल देणे थांबवले, तेव्हा सीमनने मूळ कराराचा आधार घेत न्यायालय गाठले. १९०० च्या जूनमध्ये मनाईहुकूम निघाला. बर्लिनरला अमेरिकेत आपला ग्रामोफोन विकता येईना. ज्याच्या नावावर पेटंट होते त्याच्याच दुकानाला कुलूप लागले.

जॉन्सनने त्या अवशेषांतून १९०१ मध्ये व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी उभी केली. पेटंटच्या मोबदल्यात बर्लिनरच्या पक्षाला त्यात हिस्सा मिळाला. म्हणजे आर्थिकदृष्ट्या तो बुडाला नाही. परंतु व्हिक्टर कंपनीने ग्रामोफोन हा शब्द वापरणे टाळले आणि अमेरिकी बोलीतून तो जवळजवळ नाहीसा झाला. तिकडे आजही फोनोग्राफ हा एडिसनचा शब्द चालतो. आपल्याकडे मात्र आजोबांच्या पिढीपासून ग्रामोफोनच. बर्लिनरने घडवलेला शब्द वॉशिंग्टनपेक्षा पुण्या-मुंबईत अधिक टिकला.

अमेरिकेचे दार बंद झाले तरी परदेशाचे उघडे होते, आणि ते त्याने आधीच उघडून ठेवले होते. १८९७ मध्ये त्याच्या बाजूने विल्यम बॅरी ओवेन लंडनला गेला आणि पुढच्या वर्षी तिथे ग्रामोफोन कंपनी स्थापन झाली. वॉशिंग्टनमध्ये बर्लिनरच्या हाताखाली तयार झालेला तरुण पियानोवादक फ्रेड गाइसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी तिकडे रवाना झाला. मुद्रण लंडनला करायचे, पण तबकड्या दाबायच्या कुठे? त्यासाठी ६ डिसेंबर १८९८ रोजी हॅनोव्हरमध्ये जोसेफ आणि जेकब या भावांसह डॉइच ग्रामोफोन कंपनीची स्थापना झाली. भाचा जोसेफ सँडर्स तबकड्या दाबण्याचे तंत्र घेऊन अमेरिकेहून आला. स्वतः एमिल कॅनडात मॉन्ट्रियल येथे नवा कारखाना उभारण्यात गुंतला. १९०० मध्ये ग्रामोफोनसमोर कान टवकारून बसलेल्या निपर नावाच्या कुत्र्याचे चित्र त्याने लंडनला पाहिले आणि त्याचा ट्रेडमार्क अमेरिकेत नोंदवला. चित्रकार फ्रान्सिस बॅरो याचे हे चित्र भारतीय घरांत पुढे किती परिचित झाले, हे सांगायला नको.

हॅनोव्हरच्या कारखान्यातले काम तालावर चाले. लाखेच्या मिश्रणाचा गोळा वाफेने तापवलेल्या पाटावर मऊ केला जाई. दाबयंत्राच्या ठशावर कागदी लेबल पालथे ठेवायचे, वर गोळा ठेवायचा आणि यंत्र मिटायचे. आधी वाफ, मग थंड पाणी. यंत्र उघडले की तबकडी तयार. मग कडा घासून गुळगुळीत करायच्या. आरंभीच्या तबकड्यांवर कागदी लेबल नसे, माहिती मध्यभागी कोरलेलीच असे. कागदी लेबले १९०० नंतर रूढ झाली आणि त्यांच्यावर ती हॅनोव्हरमध्ये तयार झाल्याची नोंद येऊ लागली. तबकडी एकाच बाजूने वाजे. पाठीवर ध्वनी टिपणाऱ्या देवदूताची मुद्रा. लंडन, पॅरिस, मिलान, सेंट पीटर्सबर्ग येथे गायलेली गाणी याच शहरातून निघत. दाबणाऱ्या कामगाराला त्यातली बहुतेक भाषा समजत नसणार. म्हणून क्रमांकांना अतोनात महत्त्व. ठशावर कोरलेला क्रमांक चुकला तर नाव एकाचे आणि गाणे दुसऱ्याचे असा घोटाळा हजारो प्रतींत पसरायचा.

भारताची पाळी १९०२ मध्ये आली. पूर्वेकडील देशांच्या दौऱ्यावर निघालेल्या गाइसबर्गने कलकत्त्यात ८ नोव्हेंबर १९०२ रोजी पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण केले. ग्रामोफोनचे पेटंट मिळाल्याला त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे झाली होती. निव्वळ योगायोग. पहिल्या दिवशी गायल्या त्या क्लासिक थिएटरच्या शशिमुखी आणि फणिबाला, आणि त्याच महिन्यात गौहरजान. पाचशेहून अधिक मुद्रणे झाली. मेणाच्या मूळ चकत्या हॅनोव्हरला गेल्या आणि पुढच्या वर्षी तबकड्या होऊन परतल्या. तीन तास रंगणारी मैफल दोन-तीन मिनिटांत बसवण्याची कसरत आपल्या गायकांना बर्लिनरच्या चकतीच्या व्यासाने शिकवली. ते संगीताच्या हिताचे झाले की नाही, यावर जाणकारांत मतभेद राहतील. पण भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत गेले, म्हणजे त्या पहिल्या मुद्रणाच्या पावणेदोन वर्षे आधी, हे आठवले की दोन-तीन मिनिटेही थोडी वाटत नाहीत. बालगंधर्वांचा आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर आपल्याला ऐकता येतो, तो या चकतीमुळे.

ही दूरची ये-जा फार काळ चालली नाही. माल पोहोचायला महिने लागत, मागणी वाढत होती आणि बर्लिनच्या ओडियन व बेका या कंपन्याही भारतात उतरल्या होत्या. १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्याच्या सियालदह भागात स्वतःचा कारखाना काढला. लाखेला आता जर्मनीला जावे लागेना.

बर्लिनरची रीत, म्हणजे एक मूळ प्रत, तिचा धातूचा ठसा आणि ठशावरून हव्या तितक्या नकला, ही चित्रे साठवणाऱ्या तबकड्यांनीही जशीच्या तशी उचलली. टेलिफंकन आणि डेक्का यांनी १९७० मध्ये दाखवलेली लवचीक चित्रतबकडी, १९७८ मध्ये अमेरिकी बाजारात आलेली लेसर डिस्क, १९८१ ची आरसीएची तबकडी, या साऱ्या ठशावरूनच निघाल्या. लेसर डिस्कचे दोन पातळ भाग वेगवेगळे घडवून पाठीला पाठ चिकटवले जात. आरसीएच्या तबकडीला तर खोबण आणि सुईही होती. तिला बोटाचा स्पर्श चालत नसल्याने ती प्लास्टिकच्या कडक आवरणात बंद असे. आवरण यंत्रात सरकवायचे आणि रिकामे बाहेर ओढायचे. ही तबकडी बाजारात टिकली नाही आणि १९८६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्याआधी, १९८२ च्या ऑगस्टमध्ये, हॅनोव्हरलगतच्या लांगेनहागेन येथील कारखान्यातून पहिल्या व्यापारी सीडी बाहेर पडल्या होत्या.

पहिल्या महायुद्धाने हॅनोव्हर आणि लंडन यांचा संबंध तोडला. ब्रिटिश भांडवलाची कंपनी म्हणून जर्मन सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९१७ मध्ये लाइपझिगच्या एका कंपनीला विकली. बर्लिनर कुटुंबाच्या जन्मगावाशी असलेल्या नात्याची पुढची कहाणी याहून वाईट आहे. भाऊ मॅनफ्रेड याची मुलगी कोरा बर्लिनर ही जर्मनीतली नामवंत अर्थशास्त्रज्ञ. नाझी राजवटीत ती इतर ज्यूंना देशाबाहेर पडण्यासाठी मदत करीत राहिली. १९४२ मध्ये तिला बर्लिनहून पूर्वेकडे पाठवण्यात आले आणि तिथे तिची हत्या झाली. हे पाहण्यास एमिल हयात नव्हता.

त्याची अखेरची तीस वर्षे ध्वनीपासून काहीशी दूर गेली. १९०० च्या सुमारास एक लहान मुलगी आतड्याच्या विकाराने आजारी पडली आणि त्याने दुधाचा विषय हाती घेतला. कच्च्या दुधामुळे तान्ही मुले दगावतात आणि ते तापवून घेतल्याने वाचतात, हे आज कुणाला सांगावे लागत नाही. त्या वेळी ते सांगण्यासाठी त्याने संस्था स्थापन केली, पत्रके काढली, वृत्तपत्रांतून जाहिराती दिल्या आणि मुलांसाठी आरोग्याचे धडे पद्यात लिहिले. डॉक्टर नसलेल्या माणसाने यात पडावे, हे अनेकांना रुचले नसावे. आईच्या नावाने त्याने १९०८ मध्ये स्त्री-संशोधकांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. विज्ञानात स्त्रियांना दारे बंद असण्याचा तो काळ. हेलिकॉप्टरचेही त्याला वेड होते. हलक्या वजनाचे फिरते इंजिन त्याने विमानविद्येसाठी घडवले आणि मुलगा हेन्री याने १९२० च्या दशकात मेरिलँडमध्ये जमिनीपासून थोडे वर उठणारे यंत्र प्रत्यक्ष उडवून दाखवले. सभागृहातला घुमारा कमी करणाऱ्या भिंतींच्या फरशा हा त्याचा शेवटचा उद्योग.

१९२९ च्या जानेवारीत व्हिक्टर कंपनी आरसीएने विकत घेतली. त्याच वर्षी फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने बर्लिनरला आपले पदक दिले. ३ ऑगस्ट १९२९ रोजी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये त्याचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीवर फार खर्च करू नये, तो सूर्यास्ताच्या सुमारास उरकावा आणि थोडे पैसे तान्ही मुले असलेल्या गरीब आयांना द्यावेत, असे त्याने घरच्यांना लिहून ठेवले होते.